आरशाची चौकट: सोन्याखाली चांदी निघाली

मंडळी, सोनं नाहीये. म्हणजे काही ठिकाणी आहे, पण निम्म्याहून जास्त चौकटीवर नाहीये, आणि त्यामुळे जुन्या आरशाच्या चौकटीवरचा पेंट काढून खालचं सोनं मोकळं करायचा मागच्या नोंदीतला सगळा बेत बाराच्या भावात गेलाय.

खालच्या पट्टीच्या आतल्या कडेला नखाएवढी चाचणी-खिडकी, म्हणजे पेंट काढून खाली काय आहे ते बघायची जागा, उघडणार असं लिहिलं होतं. ती जागा मुद्दाम निवडलेली, मँटलवरच्या, म्हणजे फायरप्लेसवरच्या फळीवरच्या, वस्तूंनी झाकली जाणारी. कुणीतरी कधीकाळी आख्ख्या चौकटीला फासलेल्या त्या ब्रॉन्झ पेंटखाली (तांब्या-पितळेच्या पुडीचा सोनेरी रंग) काय आहे ते बघायचं होतं. बिनरंगी स्पिरिटचा बोळा हलक्या हाताने फिरवला. मळकट हिरवट-पिवळा थर सुटायला लागला, पण त्याच्यासोबत बोळ्यावर नारिंगी-तपकिरी चिकट डाग आला आणि खालून चक्क लखलखीत चांदी डोकावली. आठवड्याभरात त्या खिडकीची एक कड काळवंडायलाही लागली. सोनं काळं पडत नाही. उरलीसुरली शंका तिथेच मिटली.

हा डाग कसला, हे मला नाही, सासूबाईंना आधी कळलं. त्या सध्या आमच्याकडे इंग्लंडात रेडिंगला आल्यात. त्यांचं माहेर मिरजेचं, सतारमेकर गल्लीच्या अगदी जवळ. मी बोळा वर्तमानपत्रावर टाकला होता. त्यांनी तो उचलला, दोन बोटांत दाबला, बोटं लांब केली तर मध्ये बारीक तार आली. म्हणाल्या, “अगं, हा चपडा आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हेच तर घासतात.” लाख! चांदीचा वर्ख लावायचा, त्यावर रंगवलेल्या लाखेचा हात द्यायचा, की लांबून सोनंच वाटतं. एकोणिसाव्या शतकात स्वस्तातल्या चौकटींवर ही युक्ती सर्रास चालायची. आमच्या आरशात शिखरावरची पानं आणि आतली गोल पट्टी एवढ्यांवर खरा सोन्याचा वर्ख आहे, कारण नजर तिथे जाते. बाकी सपाट भाग आणि बाजू म्हणजे लाखेखालची चांदी. बनवणाऱ्याने पैसे कुठे वाचवायचे ते बरोबर ओळखलं होतं.

आता खरी पंचाईत. ब्रॉन्झ पेंट काढणारी जी जी द्रावणं माझ्याकडे आहेत, ती लाखही काढतात. स्पिरिटमध्ये लाख विरघळते, हा तर तिचा धर्मच. ॲसिटोनने ती पूर्ण विरघळत नाही, पण मऊ पडते आणि बोळ्याला चिकटून वर येते. व्हाइट स्पिरिटने (हे वेगळं, पेट्रोलियमचं थिनर) लाखेला काही होत नाही, पण त्याने पेंटलाही काही होत नाही. वाळून दगड झालेला थर त्याला दाद देत नाही. उलट सोन्याच्या भागाची कथा वेगळीच. तिथे पाण्याने लावलेला वर्ख आहे, म्हणजे खाली सरेस आणि खडूची पूड, वर तांबडी माती, त्यावर वर्ख. याला द्रावण चालेल, पण पाण्याचा ओला हात लागला की वर्ख गेला. थोडक्यात, एकाच चौकटीवर एका भागाला जे तारक ते दुसऱ्याला मारक, आणि दोन्हींच्या मधली सीमा त्या पिवळ्या पेंटखाली झाकलेली.

पुढचे बरेच दिवस डोक्याला लावायचं भिंग चढवून नुसतं बघण्यात गेले. ॲसिटोनचं घट्ट जेल करून पाहिलं, म्हणजे ते वरच्यावर राहील आणि खाली झिरपणार नाही. थोडं बरं, पण कडांना लाख सुरकुतलीच. सर्जिकल ब्लेडने कोरडं खरवडून पाहिलं. सपाट पट्टीवर जमतं, पण नक्षीच्या खाचांत ब्लेड वळवायचं म्हणजे खालच्या खडूच्या थरात घुसायची हमी. इथे एक हत्यारांबद्दल: पंधरा नंबरचं वाकडं पातं घ्या, अकराचं टोकदार नको, ते थेट आत रुततं. आणि कानातल्या तयार काड्या फेकून द्या. त्यांचा कापूस गोंदाने चिकटवलेला असतो आणि ॲसिटोनमध्ये तो गोंद सुटून नक्षीवर बसतो. बांबूची काडी घ्या, साधा कापूस हाताने गुंडाळा. स्पिरिटही दुकानातलं जांभळं नको, त्या रंगाचा डाग चांदीवर उतरतो.

भिंगातूनच शेवटी धागा सापडला. डाव्या बाजूला एका पानाच्या टोकाशी पेंटचा टवका उडालेला होता. त्याची कड बघितली तर पेंट एक नव्हता, दोन होते. वरचा जाड, चमकी दिसणारा, बहुधा डब्यातला. त्याच्याखाली पातळ, मंद, तपकिरीकडे झुकलेला दुसरा. तांब्या-पितळेची पूड हवेने काळपटते, तशी ती झाली होती. आणि हा खालचा थर पाण्याच्या थेंबाने फुगला! जुन्या काळी घरगुती ब्रॉन्झ पूड डिंकात किंवा स्टार्चपासून केलेल्या डेक्स्ट्रिनमध्ये कालवून लावायचे. म्हणजे वरच्या दगडाशी झुंजायची गरजच नव्हती. खालचा थर सोडवला की वरचा आपोआप सुटणार. आणि लाख थोडा वेळ ओल सहन करते. फार रेंगाळलं तर पांढुरकी होते, पण मिनिट-दोन मिनिटं काही होत नाही.

मग आला तो उपाय, जो संग्रहालयांतले लोक खरोखर वापरतात आणि ऐकणाऱ्याला किळस येते. थुंकी. कोमट असते, तिच्यातलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य स्टार्च फोडतं, आणि ती पाण्यासारखी पळत नाही. बांबूच्या काडीवर कापूस, जिभेवर फिरवायचा, कडेच्या भेगेत हळूच गोल गोल, मग डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओलावलेला दुसरा बोळा आणि लगेच कोरडा. पेंटचा टवका उलथून आला तेव्हा मी ओरडलेच. वाळलेल्या कांद्याच्या पातीसारखा, आख्खाच्या आख्खा. आणि खाली लाख जशीच्या तशी: मधासारखी, तिच्यातून चांदी चमकतेय. तळहाताएवढा भाग मोकळा झाला. संध्याकाळी मी खोलीतला दिवा बंद करून नुसती तो बघत बसले होते.

सासूबाई मात्र गप्प. शेवटी विचारलं, तर म्हणाल्या, “गणपतीच्या मागे हाच आरसा लावणार ना? उष्टा?”

खरंय. बेत असाच होता की पुढच्या खोलीतल्या फायरप्लेसवर आरसा, मँटलवर दरवर्षी गणपती, दोन्ही बाजूंना समया, आरशात ज्योती दुप्पट. थुंकी पुसून टाकली तरी त्यांच्या मनातून जाणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही नाही. म्हणून मिथाइल सेल्युलोजची पातळ खळ केली. वॉलपेपरची असते तीच, पण त्यात बुरशीनाशक घातलेलं नसलेली शोधायला लागते. ती कोमट करून टिश्यूच्या छोट्या तुकड्यावर लावून पेंटवर ठेवली, मिनिटभराने उचलली. थुंकीइतकं पटकन नाही, पण होतं. सपाट भागाला तर हेच बरं, कारण तुकड्याच्या मापाचा चौकोन स्वच्छ निघतो. आता घरात शांतता आहे. सोन्याच्या भागावर मात्र खळ नको, थुंकीही नको. तिथे ॲसिटोनचं जेलच, कारण वर्खाला पाणी वर्ज्य. सीमा शोधायला ब्लेडने टवक्याची कड जरा उचलून आधी बघायचं: खाली मधाळ दिसली तर लाख, तांबूस मातीचा अंश दिसला तर सोनं.

लिहिता लिहिता वाटायला लागलंय की पुढच्या खोलीचा हट्ट सोडावा. तिथल्या फायरप्लेसमध्ये लाकडाचा स्टोव्ह बसवायचा विचार आहे. कोरडी गरम हवा सतत वर चढली की खडूच्या थराला भेगा पडणार, लाख मऊ होणार, आणि लाकूड आक्रसणार. त्यापेक्षा मागच्या जेवणाच्या खोलीतली फायरप्लेस बंदच आहे. १९५६च्या ब्रिटनमधल्या क्लीन एअर ॲक्टनंतर (हवा स्वच्छ ठेवायचा कायदा) कोळसा जाळणं आवरलं गेलं, गॅस आला आणि अशा कित्येक विटांनी बुजवल्या गेल्या. तिथे आग नाही, उजेड खिडकीतून बरोबर समोर येतो, आणि आरशात टीव्ही न दिसता बाग दिसेल. फक्त बंद चिमणीत ओल धरते आणि जुन्या काजळीतले क्षार भिंतीवर तपकिरी डाग आणतात. म्हणजे आधी खाली जाळीची हवा-खिडकी, मग आरसा, आणि आरशाच्या मागे बुचाचे तुकडे, म्हणजे लाकडाचा भिंतीला स्पर्श होणार नाही. गणपती तिथेही बसेल. सासूबाईंना हे अजून सांगितलं नाहीये.

वजनाचा हिशेब परत केला. काचेचं वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. आमची काच साधारण १.२ चौरस मीटर आणि जाडी ५ मिलिमीटर, म्हणजे नुसती काच १५ किलो. चौकट धरली तर दोन माणसांनीच उचलायचं. भार सगळा मँटलच्या फळीवर, वर फक्त पुढे झुकू नये म्हणून दोन पितळी पट्ट्या. स्क्रू चुन्याच्या सांध्यात नको, विटेत, आणि आखूड. चिमणीच्या पुढच्या भिंतीची जाडी बहुतेक वेळा अर्ध्या विटेची, सुमारे चार इंच, त्याच्यापुढे धुराडं.

आरशाची काच पाऱ्याची आहे का, असं ज्यांनी विचारलं होतं त्यांना: नाही, पाऱ्याची नाही. मागच्या बाजूला चांदीच्या थरावर तांबूस संरक्षक रंग आहे, कथील-पाऱ्याचा राखाडी धातूसारखा थर नाही. पांढरा कागद धरला तर प्रतिबिंब किंचित पिवळसर येतं, पाऱ्याच्या आरशात निळसर येतं. काठाला काळे डाग आहेत, ते राहणार. नवी काच घालायचा सल्ला देणाऱ्यांशी मी बोलत नाही.

राहिला चाचणी-खिडकीचा प्रश्न, म्हणजे उघडी पडलेली चांदी परत लाखेने झाकायची. ऑनलाइन मागवलेल्या चपड्याची पाकिटं बघितली, तर एकाने इतका जुना माल पाठवला की स्पिरिटमध्ये दोन दिवस ठेवूनही तळाला जेलीच. चपडा ठेवून ठेवून मुरतो आणि मग विरघळत नाही, हे विकणाऱ्याला माहीत असायला हवं. लंडनला ग्रेट रसेल स्ट्रीटवरच्या कॉर्नेलिसनमधून घेतलेला मेण काढलेला फिकट चपडा मात्र रात्रीत विरघळला. लाख झारखंडातून निघते आणि मी ती ब्रिटिश म्युझियमच्या गल्लीतून आणते, याला इलाज नाही. रंगासाठी सासूबाईंनी हळद सुचवली. रंग अगदी हुबेहूब आला! पण हळद उजेडात उडते, खिडकीसमोर तर महिन्या-दोन महिन्यांत फिकी पडेल. तिच्याऐवजी स्पिरिटमध्ये विरघळणारा, उजेडात टिकणारा रंग शोधतेय.

आणि शिखराचं उजवं पान तुटलेलं आहे ते विसरले नाहीये. डाव्याचा साचा काढून चालत नाही, कारण उजवं त्याचं प्रतिबिंब आहे, आणि साच्यातून प्रतिबिंब निघत नाही. मधल्या शंखाखालची छोटी पानं दोन्ही दिशांना आहेत, त्यांच्यातलं उजवं घेऊन मोठं करता येईल का ते बघते. खडू, सरेस, जवसाचं तेल आणि राळ यांचा लगदा करायला भांडं वेगळं काढलंय. कुणी ब्लॉन्ड, म्हणजे फिकट, चपड्यावर धातूयुक्त रंग वापरला असेल तर प्रमाण कळवा.