डावा हात अजून क्लच शोधतोय (स्कूटर लॉग, ४,१८६ किमी)

ओडो आज ४,१८६. साडेसात महिने झाले. १,००० किमीच्या नोंदीत मी जरा जास्तच शहाणपणा केला होता, स्कूटर काय पोरंसोरं चालवतात, आठवड्यात हात बसेल वगैरे, तर ते सगळे शब्द मागे घेतो. वय ६१, त्यातली ३८ वर्षं गिअरच्या गाडीवर गेली. नवीन हात बसायला फार वेळ लागत नाही हो, आधीचा बसलेला उठवायला लागतो.

मुळात स्कूटरवर का आलो ते थोडक्यात. ३५० सीसीची गाडी, वजन १९५ किलो, आणि माझा उजवा खुबा दोनेक वर्षांपासून कुरकुरतोय. गाडीवर बसताना उजवा पाय सीटवरून टाकायचा म्हणजे आधी मनाची तयारी, मग एक हात हँडलवर, मग हुप्प. रिकाम्या गाडीवर जमायचं. मागे बॅग बांधली की उंची अजून वीतभर वाढते आणि एकदा तसंच झालं, गाडी स्टँडवरून सरळ केलेली, पाय टाकताना बुटाची टाच बॅगेच्या पट्ट्यात अडकली आणि मी एका पायावर आणि गाडी हळूहळू दुसऱ्या बाजूला, थांबवता येईना. १९५ किलो एकदा कलले की कलले. लागलं काहीच नाही, क्रॅशगार्डला ओरखडा, पण गाडी उचलायला दोन पोरं धावत आली आणि त्यातला एक म्हणाला "काका, तुम्ही बाजूला व्हा". ते जे लागलं ते खुब्यापेक्षा जास्त दुखलं.

डाव्या अंगठ्याचा सांधा पण होताच, ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबला की रात्री बाटलीचं झाकण उघडत नसे. मग १२५ सीसीची स्कूटर घेतली. १०६ किलो. म्हणजे ८९ किलो कमी, पार्किंगमधून मागे ओढताना हा आकडा रोज आठवतो आणि रोज बरं वाटतं.

आता मुख्य रडगाणं. स्कूटरचा डावा लिव्हर म्हणजे मागचा ब्रेक, हे डोक्याला पहिल्या दिवशी कळलं. हाताला नाही कळलं. थांबायची वेळ आली की ३८ वर्षांची सवय दोन्ही मुठी एकदम आवळते, त्यातली डावी मूठ क्लच म्हणून पूर्ण दाबते, कारण क्लच कोणी हळुवार दाबत नाही, खाडकन दाबतो. परिणाम, सिग्नलच्या आठ-दहा फूट आधीच गाडी गचका देऊन उभी, मागे बसलेल्या बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्. पहिल्या महिन्यात इतक्या वेळा झालं की ती म्हणाली, "अहो, एक काय ते ठरवा, थांबायचंय की माझं हेल्मेट फोडायचंय?"

पण हा गमतीचा भाग. दोनदा खरंच घाबरलो. ६०० किमीच्या आसपास कुत्रं आडवं आलं, डावा लिव्हर पूर्ण दाबला गेला आणि मागचं चाक लॉक होऊन घसरलं, नशीब रस्ता कोरडा होता आणि स्पीड ३५ च्या आत. दुसऱ्यांदा यू-टर्नमध्ये. बाइकवर अर्ध्या वळणात गाडी जड वाटली की आपण क्लच थोडा दाबून सांभाळतो ना, तेच केलं. माझ्या गाडीला कम्बाइन्ड ब्रेकिंग आहे, डावा लिव्हर दाबला की थोडा पुढचाही ब्रेक लागतो, आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की गाडी आतल्या बाजूला पडायला बघते. पाय टेकवून वाचवली. बुलेट असती तर खाली गेली असती हे पण खरं.

पायांचं वेगळंच. डावा पाय प्रत्येक सिग्नलला फ्लोअरबोर्डवर टक टक टक करून तीन गिअर खाली टाकतो, टाकू दे बिचारा, त्याचा त्रास नाही. उजवा पाय मात्र धोक्याचा. घाईत तो ब्रेक पेडल म्हणून फ्लोअरबोर्ड दाबतो, दाबत राहतो, आणि गाडी आपली तशीच पुढे. हे लक्षात यायला अर्धा सेकंद गेला तरी ४० च्या स्पीडला साडेपाच मीटर गेले, हिशोब करून बघा.

यावर उपाय काय केला ते नीट लिहितो कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिले दोन महिने मी दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवत होतो, सकाळी स्कूटर, रविवारी ३५०. हात बिचारा गोंधळणारच. मग ३५० च्या बॅटरीची वायर काढून ठेवली आणि सहा आठवडे तिला हात लावला नाही. चार्जरवर मात्र टाकत होतो. या सहा आठवड्यांत जेवढा फरक पडला तेवढा आधीच्या हजार किमीमध्ये पडला नव्हता.

बाकी मोकळ्या मैदानात दोन बाटल्या ठेवून ड्रिल. ३० च्या स्पीडने यायचं आणि पहिल्या बाटलीपासून ब्रेक, दोन्ही लिव्हर, पण दाबायची पद्धत हळू सुरू करून वाढवत न्यायची, खाडकन नाही. असे वीस स्टॉप. तोंडाने मोठ्याने "ब्रेक, ब्रेक" म्हणत करायचं, येडा वाटतो माणूस पण चालतं, तोंड बोललं की हात ऐकतो असा माझा अनुभव. नंतर आठचा आकडा. पाच मीटरमध्ये यू-टर्न आता पाचातून चारदा जमतो.

यू-टर्नची गंमत कळायला आधी सीव्हीटी, म्हणजे स्कूटरची बेल्ट-पुलीवाली आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा, कळावी लागते. पुढच्या पुलीत रोलर असतात, आरपीएम वाढले की ते सेंट्रिफ्यूगल फोर्सने बाहेर सरकतात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात, बेल्ट वर चढतो, म्हणजे गिअर आपोआप मोठा होतो. मागे क्लच आहे पण तो पण सेंट्रिफ्यूगल, ठराविक आरपीएमच्या वर त्याचे शूज (घर्षणाचे पॅड) बाहेर फाकून ड्रमला चिकटतात आणि खाली आले की सुटतात. आता वळणात तुम्ही थ्रॉटल पूर्ण सोडला आणि स्पीड उतरला की शूज सुटले, गाडी मोकळी, मागच्या चाकाचा इंजिनशी संबंध संपला. मग घाबरून थ्रॉटल दिला की शूज परत पकडतात आणि गाडी उडी मारते. म्हणून थ्रॉटल थोडासा उघडाच धरायचा आणि स्पीड डाव्या ब्रेकने खेळवायचा, अगदी हलक्या बोटाने. बाइकवर जे काम हाफ क्लच करायचा ते इथे हाफ ब्रेक करतो. हे एकदा टाळक्यात बसलं आणि डाव्या हाताला निदान काहीतरी नोकरी मिळाली.

उतारावर हेच उलट अंगावर येतं. गिअर टाकून इंजिन ब्रेकिंग मिळवायची सवय आपली, इथे स्पीड असेपर्यंत थोडं मिळतं आणि नेमकं हळू झालात की गाडी एकदम सुटते, मागून कोणीतरी ढकलल्यासारखी. मोठ्या उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की तो तापतो, त्यामुळे दाबायचा, सोडायचा, दाबायचा.

आता चाकं. बाइकचं पुढचं चाक १००/९०-१९, टायरसकट व्यास काढला तर साधारण ६६ सेंमी. स्कूटरचं पुढचं ९०/९०-१२, म्हणजे ४७, आणि मागचं १० इंची, ४३ च्या आसपास. जो खड्डा ६६ वाल्याने वरच्यावर ओलांडला असता त्यात ४७ वालं चक्क उतरतं, आत जाऊन बघून येतं. शिवाय स्कूटरचं इंजिन आणि सीव्हीटी मागच्या चाकाबरोबरच वरखाली होतं, स्विंगआर्मचं काम तेच करतं, एवढं वजन सस्पेन्शनच्या खालच्या बाजूला म्हटल्यावर शॉकअब तरी काय करणार. आणि बाइकवर खड्डा दिसला की फूटपेगवर जरा उठून घेतो आपण, इथे पाय पुढे असल्यामुळे उठता येत नाही, सगळं थेट माकडहाडाला. खुबा वाचवायला गेलो आणि कंबर दाखवायला घेतली असं दीड महिना चाललं होतं. पाठीचा त्रास असलेल्यांनी स्कूटर घ्यायच्या आधी खराब रस्त्यावर अर्धा तास चालवून बघा, शोरूमच्या दारातली चक्कर काही कामाची नाही.

त्यात माझा मूर्खपणा पण होता. टायरमध्ये बाइकच्या सवयीने ३० आणि ३५ भरत होतो. माझ्या मॅन्युअलमध्ये एकट्यासाठी पुढे २२ मागे २९ पीएसआय लिहिलंय. नीट भरली हवा आणि गाडी वेगळीच वाटायला लागली. जेलचं कुशन आणलं होतं ते काढून टाकलं, उंची वाढते आणि पाय कमी टेकतात. उंचीवरून आठवलं, सीट हाइट ८०५ वरून ७६५ मिमी झाली म्हणून पाय मस्त टेकतील असं वाटलं होतं पण स्कूटरची सीट आणि फ्लोअरबोर्ड दोन्ही रुंद, पाय फाकतात, त्यामुळे ४० मिमीचा फायदा अर्धा तिथेच गेला. बसून बघा, आकड्यावर जाऊ नका.

अजून एक, पायांच्या मध्ये टाकी नाही. म्हणजे गुडघ्याने धरायला काही नाही. पहिला महिना प्रत्येक ब्रेकला सीटवरून पुढे घसरायचो आणि सगळं वजन मनगटावर. आता ब्रेक मारताना टाचा फ्लोअरबोर्डच्या पुढच्या चढावर रोवतो, मनगट दुखायचं थांबलं. आडवा वारा असेल तर पुढचं एप्रन (पायांसमोरचा रुंद पत्रा) शिडासारखं काम करतं, तेव्हा स्पीड कमी, दुसरा इलाज नाही.

ग्रुपमधले लोक पहिल्या राइडला हसले, साहजिक आहे, मी पण हसलो असतो. एकाने विचारलं भाजी आणायला निघालास का. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात ५८ च्या पुढच्या दोघांनी वेगवेगळे फोन करून सीट हाइट विचारली. कोणाला मोठी स्कूटर हवी असेल तर यामाहाची टीमॅक्स २००१ पासून ५०० सीसी ट्विन घेऊन आली, सुझुकीची बर्गमन ६५० होती, पण त्या सगळ्या दोनशे किलोच्या वर, म्हणजे माझ्यासारख्याने परत त्याच विहिरीत उडी.

आणि हसणाऱ्यांसाठी, १९४६ ची व्हेस्पा ज्याने काढली तो कोर्राडिनो डास्कानियो विमानाचा इंजिनिअर, हेलिकॉप्टरवर काम केलेला, आणि त्याला मोटरसायकल आवडायच्याच नाहीत. पाय टाकून बसावं लागतं, कपडे खराब होतात, पंक्चर झालं की चाक काढायची मारामार. म्हणून मधून पाय घालता येईल अशी जागा, इंजिन झाकून मागे, आणि पुढचं चाक विमानाच्या लँडिंग गिअरसारखं एकाच बाजूने धरलेलं. तेव्हा त्याचं वय ५५ होतं. त्याचा खुबा कसा होता कोणास ठाऊक, पण मला संशय आहे.

मेंटेनन्स. ४,००० ला फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकाजवळच्या गिअरचं) ऑइल बदललं, १२० मिली फक्त, औषधाच्या बाटलीएवढं. गाडी जागेवरून पिकअप घेताना थरथरत होती, एका मेकॅनिकने न उघडताच बेल्ट गेला म्हणून सांगितलं. घरी कव्हर उघडून व्हर्निअरने रुंदी मोजली, बेल्ट मॅन्युअलच्या लिमिटच्या कितीतरी आत. क्लच शूज चकचकीत झाले होते आणि ड्रममध्ये काळी पावडर, शूजवर पॉलिश पेपर फिरवला, ड्रम पुसला, थरथर गेली. मास्क लावून करा, ती धूळ नाकात जाऊ देऊ नका. मायलेज ४६ ते ४८, बाइकला ३४ मिळायचं. सगळ्यात मोठा दिवस २१२ किमी, दर ४५ मिनिटांनी उतरून कंबर सरळ करत.

३५० अजून गॅरेजमध्ये आहे. मुलगा म्हणतो "बाबा, विकायची तर विका, नाहीतर मला द्या, नुसतं बघत काय बसता". बघू. सहा आठवड्यांनंतर एकदा चालवली तेव्हा सिग्नलला क्लच न दाबताच थांबलो आणि गाडी बंद पडली, तर तेवढा हात उठलाय म्हणायचा.

डिकीच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवलाय, डावा हात क्लच म्हणून दाबला गेला की घरी आल्यावर त्यावर रेघ मारतो. पहिल्या महिन्यात २३ रेघा. (खरं म्हणजे जास्त असतील, आधी मोजतच नव्हतो.) मागच्या महिन्यात ४. या महिन्यात कालपर्यंत २, आणि दोन्ही दीड तासाच्या वर राइड झाल्यावर, म्हणजे दमलो की जुना हात जागा होतो. आज ४,१८६ वर घरी येताना गेटपाशी मांजर बसलं होतं. तिसरी रेघ मारली.