बॅलन्सचा आकडा थेट फाइलमध्ये

चिपळूणच्या आमच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात चार दशांशाचा बॅलन्स, म्हणजे ग्रॅमचे चार दशांश दाखवणारा वजनकाटा, आहे. त्याच्या पाठीमागे नऊ पिनांचं पोर्ट, आणि त्यावरचं प्लास्टिकचं टोपण वर्षानुवर्षं कुणी काढलेलं नव्हतं. मुलं आकडा वाचतात, रफ वहीत लिहितात, मग एक्सेलमध्ये भरतात. १२.०३४७ चं १२.०३७४ व्हायला एवढ्यात दोन जागा. आकडा हाताला न लागता फाइलमध्ये गेला पाहिजे, असं मला फार दिवस वाटत होतं. यंदा ते करून घेतलं.

हे पोर्ट आरएस-२३२ चं, म्हणजे एकामागून एक बिट पाठवून यंत्रं जोडण्याच्या जुन्या मानकाचं. ते मानक १९६० चं, यूएसबी आलं १९९६ मध्ये. आताच्या लॅपटॉपला नऊ पिनांची जागाच नसते, म्हणून मधे कन्व्हर्टर लावावा लागतो. त्याचा ड्रायव्हर बसला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक कॉम पोर्ट दिसतो. पण तार जोडली म्हणजे बोलणं सुरू झालं असं नाही. बॉड रेट (पाठवण्याचा वेग), डेटा बिट (एका अक्षराचे बिट), पॅरिटी (चूक पकडणारा बिट) आणि स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण) दोन्हीकडे एकच हवेत. आमच्याकडे ९६००, ८, पॅरिटी नाही, १ हे जुळलं. काही बॅलन्स कारखान्यातून २४००, ७, इव्हन असे येतात. मेन्यूत जाऊन बघितल्याशिवाय गृहीत धरू नये.

स्क्रीनवर अगम्य चिन्हं उमटली तर मला उलट बरं वाटतं. तार ठीक आहे, फक्त सेटिंग चुकलंय, एवढं कळतं. काहीच आलं नाही तर आधी केबल बघावी. दोन आणि तीन नंबरच्या, म्हणजे डेटा पाठवण्या-घेण्याच्या, पिना काही बॅलन्सला सरळ जोडलेल्या लागतात, काहींना उलटसुलट. आणि केबल सैल सोडावी. ताठ केबलने बॅलन्स जरा जरी ओढला गेला तरी समपातळी दाखवणारा लेव्हलचा बुडबुडा सरकतो.

नव्या बॅलन्सना थेट यूएसबी असतं, आणि त्यातले काही कीबोर्डसारखे वागतात: प्रिंटचं बटण दाबलं की कर्सर असेल तिथे आकडा टाइप होतो. सोय मोठी आहे, पण प्रयोगाच्या नोंदीसाठी मी ती वापरू देत नाही. चुकून दुसऱ्या चौकोनात क्लिक झालं की जुना आकडा गेला.

आमचा बॅलन्स मेटलर टोलेडो या बॅलन्स बनवणाऱ्या कंपनीच्या एमटी-एसआयसीएस या संचातल्या आज्ञा समजतो. 'एस' पाठवलं की तो वजन स्थिर होईपर्यंत थांबतो आणि मग 'एस एस', आकडा, ग्रॅम असं उत्तर देतो. 'एसआय' पाठवलं की त्या क्षणीचा आकडा लगेच येतो. वजन हलत असेल तर पुढे 'एस डी' असतं. ही अक्षरं काढून नुसता आकडा ठेवण्याचा मोह होतो. मी पायथनच्या छोट्या स्क्रिप्टमध्ये त्यांना वेळेसोबत वेगळा रकाना दिला आहे. स्थिर वजन आणि चालू वजन एकाच यादीत मिसळली तर ती यादी काय कामाची?

याचा खरा उपयोग जुलैत झाला. बाहेर पावसाची संततधार, आणि आम्ही वॉच ग्लासवर निर्जल कॅल्शियम क्लोराइड ठेवून 'एसआय'ने ठरावीक अंतराने वाचन घेत होतो. हवेतली वाफ ओढत त्याचं वजन वाढत राहिलं आणि लॅपटॉपवर आलेख चढत गेला. मग 'एस' पाठवून बघितलं. बॅलन्सने वाट पाहिली आणि मधे जागा सोडलेलं 'एस आय' असं उत्तर दिलं, म्हणजे स्थिर वजन मिळत नाही. मुलांना मी हेच दाखवत राहिले. पुस्तकात 'आर्द्रताशोषक' वाचलेलं असतं, पण बॅलन्स आकडा द्यायला नकार देतो तेव्हा ते नीट पोचतं.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग यातलं खरं वजन कुठलं धरायचं?" त्यावर आम्ही पद्धतच बदलली. आता असे पदार्थ बूच लावलेल्या वेइंग बॉटलमध्ये ठेवतो. बाटलीतून पदार्थ काढण्याआधी एकदा आणि काढल्यावर एकदा 'एस' पाठवतो, आणि वजाबाकी स्क्रिप्ट करते.