दादीचा सहावा हिस्सा

मोमिनपुऱ्यातलं आमचं घर अब्बांच्या नावावर. ते गेले तेव्हा मागे अम्मी, भाई, आम्ही दोघी बहिणी आणि अब्बांची आई, आमची दादी. आखीव पत्रिकेवर, म्हणजे घराच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर, वारसांची नावं चढवायला नगर भूमापन कार्यालयात गेलो, तर अर्ज लिहून देणाऱ्यानं चारच नावं लिहिली. 'म्हाताऱ्या बाईचं नाव कशाला?' म्हणाला. मी दादीचं नाव घालायलाच लावलं. मुलाच्या मालमत्तेत आई वारस असतेच, तिला कुणी वगळू शकत नाही.

आम्ही सुन्नी हनफी. 1937 च्या शरियत कायद्यानुसार घराची वाटणी आमच्या फराइजच्या, म्हणजे वारसांचे हिस्से ठरवणाऱ्या, नियमांनी होते. पण आधी दफनाचा खर्च आणि कर्ज भागवायचं. अम्मीचा मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम, निकाहनाम्यात उधार लिहिला होता. तोही अब्बांवरचं कर्जच, म्हणून बँकेतल्या पैशातून तो सगळ्यात आधी अम्मीला दिला. हे अनेक घरांत होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वकिलांनी घराचे 96 भाग मांडले. अम्मीचा आठवा हिस्सा म्हणजे 12, दादीचा सहावा म्हणजे 16. उरलेल्या 68 पैकी भाईला 34, आम्हा बहिणींना 17-17. दादीचा हिस्सा आपल्यापेक्षा मोठा, हे पाहून अम्मी एवढंच म्हणाली, "बेटा तो उनका गया है."

प्रत्यक्ष वाटणी व्हायच्या आधीच दादीही गेली. तिचे 16 भाग आम्हा नातवंडांकडे येतील, असं भाईला वाटत होतं. तसं होत नाही. दादीची स्वतःची मुलं हयात असताना, आधी गेलेल्या मुलाच्या मुलांना तिच्याकडून काही मिळत नाही. तो हिस्सा चाचा आणि कामठीच्या फुफीकडे, म्हणजे अब्बांच्या बहिणीकडे, गेला, दोनास एक या प्रमाणात. हिशेब पुन्हा मांडावा लागला, या वेळी 288 भागांचा, कारण 16 चे तीन सारखे भाग पडत नाहीत. दादीचे 16 आता 48 झाले: चाचांचे 32, फुफीचे 16.

दोघांचे मृत्यूचे दाखले आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र नव्यानं जोडलं. फुफीनं हक्कसोड पत्रावर तशीच सही करावी, असा घरातल्या मोठ्यांचा आग्रह होता. मी आणि अम्मी अडून बसलो. भाईनं तिच्या 16 भागांची रक्कम चेकनं दिली, तो वटला, मग फुफी दुय्यम निबंधकाकडे सहीला आली. आम्हा बहिणींनी हक्क सोडलेला नाही. आमची नावं पत्रिकेवर आहेत.