अनुदान खड्ड्याला की झाडाला?

केसर आंब्याची शंभर कलमे लावली, त्यानंतरच्या मे महिन्यात मी बागेतून फिरत होतो आणि शेंडा सुकलेला दिसला की खोडाची साल नखाने किंचित खरवडून आत हिरवेपणा उरला आहे का, ते पाहत होतो. चौदा कलमे आतून तपकिरी निघाली. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेतून पहिला हप्ता मिळालेला होता. पण पुढच्या हप्त्यासाठी बागायती लागवडीत ९० टक्के आणि कोरडवाहू लागवडीत ८० टक्के झाडे जिवंत असावी लागतात. जूनच्या पहिल्या पावसावर पदरचे पैसे घालून नांग्या भरल्या, म्हणजे मेलेल्या कलमांच्या जागी नवी लावली, तेव्हा कुठे मोजणीत बाग बसली.

त्या वेळी ही अट जाचक वाटली होती. आज मात्र योजनेतली सर्वांत शहाणपणाची अट हीच, असे माझे ठाम मत आहे. २०१८-१९ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे विभागून मिळते, आणि कलमाच्या जिवाला खरा धोकाही पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांतच असतो. सगळी रक्कम लागवडीच्याच वेळी हाती पडली असती, तर त्या मे महिन्यात मी इतक्या बारकाईने साल खरवडत बसलो असतो का, याची मला खात्री देता येत नाही. १९९० मध्ये राज्याने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेशी जोडली, तेव्हापासून कोरडवाहू माळांवर कितीतरी बागा उभ्या राहिल्या. आजही मनरेगातून जॉबकार्डधारकाला फळबाग लावता येते, आणि जे तिथे बसत नाहीत त्यांच्यासाठी फुंडकर योजना आहे.

द्राक्षाला मात्र हे माप लागू पडत नाही. फुंडकर योजनेतल्या पिकांच्या यादीत द्राक्ष नाही, आणि त्या बागायतदाराची अडचणही वेगळी आहे. त्याची वेल सहसा जगते. त्याचा पैसा आधी मांडवाच्या अँगलमध्ये आणि तारांमध्ये अडकतो, आणि पुढे दरवर्षी ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पावसात पणाला लागतो. फुलोऱ्यात पाऊस झाला की डाऊनी हा बुरशीजन्य रोग आणि घडकूज, मण्यात साखर भरताना झाला की मणी तडकतात. वर्षभराची मेहनत दोन रात्रींत जाते. म्हणून द्राक्षासाठी प्लास्टिक आच्छादनाला ५० टक्के अनुदान देण्याचा जो प्रायोगिक कार्यक्रम राज्याने नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे या जिल्ह्यांत हाती घेतला, तो मला योग्य दिशेचा वाटतो. मदत त्या पिकाच्या नेमक्या धोक्यापाशी पोहोचली पाहिजे.

अडचण आहे ती पैसे मिळण्याच्या क्रमाची. ठिबकसाठी राज्याच्या पूरक अनुदानासह अल्प व अत्यल्प भूधारकाला ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मदत मिळते, ही मोठीच गोष्ट आहे. पण बहुतेक वेळा संच आधी स्वतःच्या पैशाने बसवायचा, बिले अपलोड करायची आणि मग मोका तपासणीची, म्हणजे शेतावर येऊन होणाऱ्या पाहणीची, वाट पाहायची. ज्याच्याजवळ ती रक्कम नाही, तो पूर्वसंमती मिळूनही मागे राहतो, आणि आच्छादनासारख्या लाखोंच्या खर्चात तर असे शेतकरी आणखी वाढतील. साहित्य शेतावर उतरल्याची सहायक कृषी अधिकाऱ्याने खात्री केली, की अनुदानाचा वाटा त्याच आठवड्यात थेट विक्रेत्याच्या खात्यावर जमा करावा आणि शेतकऱ्याकडून फक्त त्याचा हिस्सा घ्यावा.