‘य’चा खिळा

गणपतीच्या आधीचे तीन दिवस आमच्या छापखान्यात जेवायला सवड नसते. शिस्तीतल्या मंडळांची पावतीपुस्तकं केव्हाच गेलेली असतात, उरतात ती आयत्या वेळी जागी होणारी. २०२४ साली गणपती ७ सप्टेंबरला बसणार होते. ४ तारखेला, बुधवारी दुपारी, अशाच एका मंडळाची कार्यक्रमपत्रिका ऑफसेट मशीनवर चढवली होती. मंडळाचा पोरगा गाडी चालूच ठेवून दारात उभा. दोनेकशे कागद निघाले असतील नसतील, आणि लाइट गेली.

मशीनमन हात पुसत म्हणाला, "बसा आते." मंडळाच्या पोराने आधी मला, मग वायरमनला आणि मग एकूण देशालाच नावं ठेवली आणि "पाचला येतो" म्हणून गेला.

तो बाहेर पडला आणि त्याच दारातून पाच मुली आत आल्या.

अमळनेरला लागून असलेल्या एका खेड्यातल्या, जिल्हा परिषद शाळेतल्या. सगळ्यात मोठी सातवीतली, सगळ्यात धाकटी चौथीतली. मोठीच्या मुठीत सत्तर रुपये होते, दहाच्या चुरगळलेल्या नोटा आणि चिल्लर. दुसऱ्या दिवशी शिक्षकदिन. शेजारच्या जनरल स्टोअर्समध्ये त्या ग्रीटिंग बघून आल्या होत्या. साठ रुपयांना एक, वर सोनेरी इंग्रजी. त्यांना हवी होती पाच. चार शिक्षकांना आणि एक खिचडी शिजवणाऱ्या मावशीला. शिवाय त्यांच्या मॅडमनी आधीच बजावलं होतं की विकतचं काही आणलं तर हात लावणार नाही.

"काका, तुमच्याकडे जाड कागद भेटंल का?"

लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे जाड कागद नसेल तर कोणाकडे असेल? दर हंगामात कोऱ्या पत्रिकांचे गठ्ठे उरतात. रंग जुना झाला की गिऱ्हाईक बघत नाही. कटिंग मशीनखाली कात्रणाचं पोतं तर कायमच भरलेलं. सत्तर रुपये परत खिशात ठेवायला लावले आणि त्यांना टेबलाभोवती बसवलं. लाइट येईपर्यंत मलाही दुसरं काम नव्हतं. लाइट असती, तर खरं सांगतो, मूठभर कात्रण हातात देऊन वाटेला लावलं असतं.

पहिलं कार्ड मोठीने घडी घालताच फुटलं. घडीवर कागदाची पांढरी साल निघाली. तिला वाटलं, आपलंच चुकलं. चूक नव्हती. कागदाला लाकडासारखी रेघ असते. रेघेच्या बाजूने दुमडला तर घडी मऊ बसते, आडवा दुमडला की तीनशे जीएसएमचा, म्हणजे पत्रिकेचा जाड, कागद फुटणारच. ओळखायचं कसं? कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा, ज्या बाजूने मुकाट्याने वाकतो ती घडी त्याची. मग रिफिल संपलेलं पेन आणि पोलादी पट्टी घ्यायची, घडीच्या जागी दाबून एक रेघ ओढायची आणि त्या रेघेवर दुमडायचं. आमच्याकडे हेच काम मशीनवर होतं आणि त्याला क्रीजिंग म्हणतात. पाचही जणींनी दोनदोनदा करून बघितलं. वापरून संपलेलं पेन अजून कामाचं असतं याचं त्यांना भारीच नवल वाटलं.

सजावटीचं सामान त्यांनी घरून आणलं होतं, आणि इथे मला त्यांच्याकडून शिकावं लागलं. पोळा सोमवारीच झाला होता. एकीने बैलाच्या गोंड्यातून निघालेली लाल-हिरवी लोकर आणली होती आणि पुडीत गेरू. दुसरीने सरपणाच्या पऱ्हाट्यांवरची वाळकी बोंडं. कापूस वेचून झाल्यावर बोंडाची जी टरफलं काडीला राहतात ना, ती उघडून चार-पाच पाकळ्यांचं लाकडी फूल होतं. मी जन्मभर पऱ्हाट्या जळताना बघितल्या, त्यात फूल कधी दिसलं नव्हतं. त्या पोरीने त्याच्या मधोमध वातीच्या कापसाचा बोळा बसवला. तिसरीने दप्तरातून तीन भेंड्या काढल्या. आडवी कापलेली भेंडी स्टँप पॅडवर दाबायची आणि कागदावर उठवायची, पाच पाकळ्या आयत्या.

चिकटवायला मी खळ करून दिली. बाइंडिंगच्या खळीत कीड लागू नये म्हणून आम्ही मोरचूद टाकतो, तो या वेळी टाकला नाही. पोरींची बोटं तोंडात जाणार. खळ पातळ लावायची आणि कार्ड लगेच रिमच्या वजनाखाली घालायचं, नाहीतर कागद पापडासारखा वाकतो. एवढं सांगितलं आणि मी त्यांना सोडून दिलं.

खरी अडचण मजकुराला आली.

मोठीचं अक्षर सुंदर, म्हणून लिहिण्याचं काम तिच्याकडे. तिने घाईघाईत पाचही कार्डांचा मजकूर एका वहीत तयार केला होता. "आदरणीय गुरुवर्य, आपण ज्ञानाचा सागर आहात." पाचही ठिकाणी तेच. उद्याच्या भाषणाचा कागदही वहीतच होता: "डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांचा जन्म ५ सप्टेंबर १८८८ रोजी झाला." १९६२ पासून हा दिवस पाळतात आणि मला वाटतं तेव्हापासूनच सगळी भाषणं या वाक्याने सुरू होतात.

"खिचडीवाल्या मावशीपण ज्ञानाचा सागर?" मी विचारलं.

सगळ्या हसल्या. मोठी मात्र गोरीमोरी झाली. "मग काय लिहू?"

आता मी काय सांगणार होतो? वडिलांनी लावलेला हा छापखाना. मी आठवीत असल्यापासून इथे हात काळे करतो. "आमचे येथे श्रीकृपेकरून" किती वेळा छापलं याचा हिशेब नाही. गिऱ्हाईक फक्त नावं आणि मुहूर्त देतं, बाकीचा मजकूर माझ्याकडे तयारच. माणसाच्या आनंदाचा साचा करून विकणारा मी, पोरींना साचा नको म्हणून सांगत होतो.

म्हटलं, "सागर राहू द्या. सर करतात काय, ते सांगा."

हळूहळू निघालं. एक सर मारत नाहीत, नुसते चष्म्यावरून बघतात, आणि ते मारापेक्षा जास्त लागतं. पावसात नाल्याला पाणी आलं की दुसरे सर पँट दुमडून पलीकडे उभे राहतात आणि एकेकाला हात देतात. मावशीसाठी तिसरी म्हणाली, "मावशी, तळाची खरवड मलाच देत जा." हे थँक्यू आहे की मागणी, यावर दोन मिनिटं वाद झाला. तसंच लिहायचं ठरलं.

मोठीला अजून पटलं नव्हतं. हाताने लिहिलेलं कच्चं दिसतं, छापलेलं बरं दिसलं असतं, असं ती पुटपुटली. मी छापखानावाला, पण मला ते लागलं. साने गुरुजी आमच्याच गावात, प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, १९२४ पासून सहा वर्षं. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढायचे, तेही हाताने लिहून. तिला ते सांगितलं. तिने मान डोलावली, पण ती मास्तर-छाप डोलावणी होती, मला ओळखता येते.

एवढ्या वेळात चौथीतली काही बोलली नव्हती. तिचा एक हात सारखा मिटलेला. मी विचारलं तर तिने मूठ उघडली. वहीच्या पानाचा एक तुकडा, घामाने ओला झालेला. त्यावर शिसपेन्सिलीने एकच ओळ होती. मॅडमसाठी.

"मी शाया म्हनं, तरी बी तुम्ही माले हसनात नही."

मोठीने कागद घेतला. "काका, ही नेहमी असंच लिहिते. मी नीट करून लिहिते. मॅडम मराठीच्या आहेत."

आमच्या अहिराणीत ‘ळ’ नाहीच म्हणा ना. डोळ्याचा डोया, काळ्याचा काया, शाळेची शाया. घरी कोणाला ते खटकत नाही. शाळेच्या उंबऱ्यावर खटकतं. मला खटकवणारा मास्तर तिसरीत भेटला. त्याने मला बाकावर उभं करून पन्नास वेळा ‘शाळा’ म्हणायला लावलं आणि वर्गाला प्रत्येक चुकीला हसायला सांगितलं. तेराव्या की चौदाव्या वेळेनंतर मी बोलायचंच सोडलं. पुढे खिळे, म्हणजे छपाईची शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला शिकलो, त्यात बोलावं लागत नाही.

आणि शिकून काय केलं? काही वर्षांपूर्वी एक शेतकरी बाप्पा पत्रिका छापायला आला होता. खाली बालगोपाळांच्या नावांवर एक ओळ असते, मामाच्या लग्नाला यायचं हं, वगैरे. त्याला ती हवी होती, "मन्हा मामाना लगीनले नक्की या बरं!" मी ती शुद्ध करून छापली आणि वर त्याला म्हणालो, चांगलं दिसेल. तो काही बोलला नाही. पैसे देऊन गेला. हल्ली हौसेने अख्खी पत्रिका अहिराणीत छापून नेणारे येतात, तेव्हा मला तो बाप्पा आठवतो.

धाकटीचा चेहरा पडला होता. मी म्हटलं, "ही ओळ लिहायची नाही. ही आपण छापू."

लाइट नव्हती, पण कोपऱ्यात वडिलांची ट्रेडल आहे, छपाईचं जुनं मशीन. पायाने चालते. हल्ली तिच्यावर पावतीपुस्तकांचे नंबर टाकतो, पंचिंग करतो. शेजारच्या कपाटात शिशाचे खिळेही आहेत. नुसतं शिसं नसतं ते, त्यात कथील आणि अँटिमनी असतं, पण शिसं ते शिसंच. पोरींना आधी तंबी दिली की हात धुतल्याशिवाय चुरमुऱ्याच्या भत्त्याला हात लावायचा नाही. भत्ता मशीनमनने मघाशीच आणून ठेवला होता आणि सगळ्यांचं अर्धं लक्ष तिकडेच होतं.

मराठीची केस, म्हणजे खिळ्यांची पेटी, बघून त्यांचे डोळे विस्फारले. जोडाक्षरं, काने, वेलांट्या धरून शेकडो खाने. हाताला ते पाठ असतात, डोळ्याने शोधायला गेलं तर सापडत नाहीत. अठरा पॉइंट मापाचा खिळा घेतला. खिळे जुळवायची स्टिक हातात धरली आणि जुळवत गेलो. म, दीर्घ वेलांटी, फट. श, काना. पुढचा खिळा उचलला.

"काका, हाऊ नही."

धाकटी माझ्या कोपराशी उभी होती. मी बोटांत बघितलं. ‘ळ’ होता.

खिळ्यावरचं अक्षर आरशासारखं उलटं असतं. सातवीतलीला मघाशी सरळसोट ‘म’ ओळखता आला नव्हता. हिने उलटा, शिशाचा, अठरा पॉइंटचा ‘ळ’ लांबूनच ओळखला.

"य लावा," ती म्हणाली.

तिच्याशी ठरवून छापायला बसलो होतो आणि तरी हात ‘ळ’कडेच गेला. त्याच्या सात महिने आधी याच गावात ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. तिन्ही दिवस मी मांडवात होतो. बहिणाबाईंच्या ओव्यांना मान डोलवणारा माणूस मी, त्यांच्याही बोलीत हाच ‘य’ आहे. पण पन्नास वेळा गिरवून घेतलेलं बोटांतून इतक्या सहज जात नाही. ‘ळ’ खान्यात टाकला, ‘य’ घेतला.

ओळ सुतळीने बांधली, फर्म्याच्या चौकटीत आवळली. शाई लावली, पाय मारला. पहिला कागद फिका आला, दुसरा बरा, तिसऱ्यावर अक्षरं कागदात रुतली. धाकटीने त्यावरून बोट फिरवलं. ऑफसेटच्या छपाईला हात लावून काही कळत नाही, खिळ्याची छपाई बोटाला लागते. ‘शाया’वर तिचं बोट थांबलं की नाही ते मी बघितलं नाही, शाई ओली आहे म्हणून ओरडत होतो.

पाचला मंडळाचा पोरगा आला तेव्हा लाइट येऊन दहा मिनिटं झाली होती आणि मशीन बंदच होतं. जे बोलायचं ते तो बोलला. पत्रिका रात्री साडेदहाला दिल्या.

सोमवारी मोठी एकटीच आली. माझी पोलादी पट्टी तिच्या दप्तरात गेली होती, ती परत द्यायला. मी विचारलं, मॅडम काय म्हणाल्या? काही नाही म्हणाल्या, ती म्हणाली. कार्ड हजेरीपुस्तकात ठेवलंय. रोज हजेरी घेताना दिसतं. चष्म्यावाल्या सरांनी कार्ड वाचून चष्म्यावरूनच बघितलं. मावशीने भेंडीचे ठसे निरखून विचारलं, "भेंड्या कसाले नासाड्यात?" खरवड मात्र भेंड्यावालीला मिळाली.

ती ओळ मी अजून सोडलेली नाही. खिळे तसेच बांधून गॅलीत, म्हणजे जुळवलेल्या ओळी ठेवायच्या ताटात, आहेत. त्या जुन्या अठरा पॉइंटात ‘य’ मुळातच सहा-सात उरलेत. परवा एका विद्यालयाच्या बिलबुकाचं नाव जुळवताना नेमका एक कमी पडला. मशीनमन गॅलीकडे वळला. मी म्हटलं, तो नको, चौदा पॉइंटात घे.