घोडबंदर रस्त्यावरचा शाकाहारी बुफे

आम्ही जुने मित्र ठाण्यात जमायचे म्हटले की जेवणाच्या जागेवरून बराच खल होतो, कारण आमच्यातला एक जण जैन आहे आणि दुसऱ्याला तिखट अजिबात सोसत नाही. या वेळी घोडबंदर रस्त्यावरच्या एका शाकाहारी बुफेवर एकमत झाले. प्रवेशद्वारापाशीच पदार्थांची भलीमोठी संख्या मिरवणारा फलक होता. मात्र बुफेची पारख त्या संख्येवरून करू नये, ट्रे केवढे आहेत आणि ते किती वेळा भरले जातात यावरून करावी, असे माझे मत आहे.

झाकणाखाली तासभर राहिलेले पनीर गरम असले तरी चिवट होते, रश्शावर तेलाचा तवंग येतो आणि भजी स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात. येथेही तसेच झाले होते. सुरुवातीला जागेवर आणून वाढलेले स्प्रिंग रोल आणि कॉर्नचे तळलेले प्रकार कुरकुरीत होते, पण ते आग्रहाने वाढण्यामागचा हिशेब उघड आहे: मैद्याने आणि तळणाने पोट लवकर भरते.

खरी चंगळ झाली ती आमच्या जैन मित्राची. कांदा, लसूण आणि बटाटा वर्ज्य असल्यामुळे त्याच्यासाठी तव्यावर भेंडी, तोंडली आणि कारल्याच्या चकत्या वेगळ्या परतून, वर आमचूर भुरभुरून थेट ताटात येत होत्या. कारल्याच्या कडा कडक आणि आतला भाग मऊ, असा तो नेमका परतलेला होता. आम्ही दोन घास उचलून पाहिले आणि त्यानंतर टेबलावरच्या प्रत्येकाने 'जैन' म्हणूनच मागणी नोंदवली. तवा सांभाळणाऱ्या काकांच्या ते लक्षात आले असावे, पण ते नुसते हसले. गोडात गरम जिलेबी आणि रबडी चांगली होती. बाकीच्या चौकोनी पेस्ट्र्या दिसायलाच होत्या.

बिलात सेवाशुल्क परस्पर लावलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते आपोआप आकारता येत नाही, हे व्यवस्थापकांना शांतपणे सांगितल्यावर त्यांनी वाद न घालता नवे बिल दिले. जीएसटी अर्थातच भरला, आणि सेवाशुल्काची वाचलेली रक्कम सर्वांच्या संमतीने तव्यावरच्या काकांच्या हाती दिली.