सेडोनात बाबांना कृत्तिका दिसल्या

अमेरिकेतल्या ॲरिझोनात, फिनिक्सहून सेडोना हे लाल डोंगरांचं गाव जेमतेम दोन तास. पण आय-17 हा मोठा हायवे सोडून 179 नंबरच्या रस्त्याला लागलं की पुढचं काही खरं नाही, वीकेंडला एकेका राउंडअबाउटला गाड्या अशा तुंबतात की जीव मेटाकुटीला येतो. बाबा मात्र पुढच्या सीटवर एकदम खूश, समोर बेल रॉक, शेजारी कोर्टहाउस ब्यूट असे लाल डोंगर आणि बघायला वेळच वेळ!

अपटाऊन म्हणजे गावातल्या बाजारपेठेत मला अजिबात करमलं नाही. क्रिस्टलची दुकानं, व्होर्टेक्सच्या (म्हणजे खास ऊर्जा असते असं मानतात त्या जागांच्या) टूर, पार्किंगसाठी घिरट्या. कॅथेड्रल रॉक या डोंगराची वाट मैलभराचीही नाही, पण मध्येच एका खड्या भेगेतून हातपाय टेकत चढावं लागतं, ते बाबांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून नवरा आणि लेक वर गेले आणि आम्ही दोघं खालच्या कातळावर बसून राहिलो. बाबांनी दगडावरून हात फिरवला तर बोटांना तांबूस रेती लागली. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर आहे, रंग त्याचाच. आपल्या जांभ्याचा लालपणाही लोखंडाचाच, हे सांगितल्यावर बाबांनी परत एकदा दगड चोळून बघितला. दुसऱ्या दिवशी होली क्रॉस चॅपल आणि ओक क्रीकचा ओढा झाला, दोन्ही सुंदर, दोन्हीकडे गर्दी.

पण मला लिहायचंय ते रात्रीबद्दल. फेब्रुवारीचा शेवट, कडाक्याची थंडी, जेवण झाल्यावर लेक आजोबांना ओढत बाहेर घेऊन गेली आणि पाच मिनिटांत मला हाका सुरू झाल्या. बाहेर जाऊन वर बघितलं आणि बघतच राहिले. मृग नक्षत्र डोक्यावर, तीन ताऱ्यांचा बाण ठळक, खाली व्याध लखलखतोय, वर रोहिणी तांबूस आणि तिच्या पलीकडे कृत्तिकांचा झुबका. बाबा लेकीला म्हणाले, "मोज बघू किती दिसतात," ती सहावर थांबली, बाबा म्हणाले अजून बघ, चष्मा पुसून बघ. मग त्यांनी रोहिणीची गाडी दाखवली, ईशान्येला वर येणारे सप्तर्षी दाखवले, वसिष्ठाशेजारची बारीक अरुंधती तिला दिसली तेव्हा ती ओरडलीच. बाबांना हे सगळं इतकं येतं हे मला माहीतच नव्हतं, लहानपणी शेतावर राखणीला जायचे तेव्हा त्यांच्या आजोबांनी शिकवलेलं म्हणे. थंडीने कान दुखायला लागले तरी दोघं आत यायला तयार नाहीत.

हे आकाश तिथल्या लोकांनी ठरवून राखलंय. घराबाहेरच्या प्रत्येक दिव्यावर टोपण, उजेड फक्त खाली जमिनीवर. 2014 मध्ये सेडोनाला डार्क स्काय कम्युनिटीचा, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखणाऱ्या गावाचा दर्जा मिळाला, शेजारच्या फ्लॅगस्टाफला तर 2001 मध्येच, जगात सगळ्यात आधी. डोंगरांच्या बाबतीतही हाच हट्ट. पिवळा रंग लाल डोंगरांपुढे डोळ्यात खुपेल म्हणून तिथल्या मॅकडोनाल्ड्सची कमान 1993 पासून फिरोजी आहे. असा हट्ट करणारं गाव मला मनापासून आवडलं, तिथल्या महागड्या जेवणासकट.

आत आल्यावर हात शेकता शेकता बाबा म्हणाले, "देवळापुढे हायमास्ट लागल्यापासून आपल्या अंगणातून कृत्तिका दिसत नाहीत गं." मला फार लागलं ते. हायमास्ट नको असं कोण म्हणेल, रात्री बायाबापड्यांना उजेड हवाच, पण तो रस्त्यावर पडावा ना, आभाळात कशाला उधळायचा? सध्या तरी महाराष्ट्रात पेंचचा व्याघ्र प्रकल्प आहे, 2024 मध्ये तिथे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं. पुढच्या हिवाळ्यात घरी आले की अमावास्या बघून बाबांना तिकडे नेणार आहे, आणि त्याआधी सरपंचांना भेटून त्या हायमास्टला टोपणं बसवता येतील का ते विचारणार आहे.